द्वारकाबाईंची बिनटेकूची फळी

परवा अकोल्यात माझ्या खोलीत फळी बसवायला सुतार आला. भिंतीवर खडूने रेघ ओढून त्याने विचारले, “ताई, खाली टेकू किती लावू?” मी म्हणाले, “एकही नको.” तो माझ्याकडे पाहत राहिला. मग मी त्याला सांगितले, की आधी लाकूड वाजवून दाखवा, आणि भिंतीत भोक पाडाल ते तोंडाशी अरुंद आणि आत रुंद पाडा. एवढे बोलून मीच दचकले. अनोळखी माणसापुढे मी सहसा एका वाक्याच्या पुढे जात नाही. शब्द माझे होते, पण बोलण्याची ढब द्वारकाबाईंची होती.

द्वारकाबाई गेल्या हिवाळ्यात वारल्या. अमरावतीहून आलेल्या कोणी ते शाळेच्या फाटकात उभ्या उभ्या सांगितले. मी ‘बरं’ म्हटले आणि वर्गात जाऊन पुढचा धडा घेतला. त्यांच्याविषयी काही लिहावे असे तेव्हा मनात आले नाही. सुताराने टेकू विचारला तेव्हा आले.

अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायला गेले, तेव्हा द्वारकाबाई तिथल्या मुख्याध्यापिका होत्या. खेड्यांतून येणाऱ्या मुलींचे बोर्डिंगही त्याच चालवीत. बोर्डिंग म्हणजे शाळेच्या मागे भाड्याने घेतलेले एक घर. मुलींची एक लांब खोली, स्वयंपाकघर, पुढे ओसरी, आणि ओसरीला लागून बाईंची स्वतःची कोठडी, जिच्यात खाट टाकली की उभे राहायला जागा उरत नसे. वर एक लहानशी माडी होती, ती मास्तरणीसाठी. ती मला मिळाली.

मी टांग्यातून उतरले तेव्हा बाईंनी माझ्याकडे पाहिलेच नाही. माझ्या सामानाकडे पाहिले. एक मोठी ट्रंक, पुस्तकांचे खोके, हातातली पेटी.

“हे सारं जमिनीवर ठेवता का?”

मी होकारार्थी मान हलवली. माझे शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटात झालेले. तिथे वऱ्हाडी बोलले की ओणवे उभे करीत, त्यामुळे घरची बोली कानाला कळे पण तोंडातून निघत नसे.

“जमीन झोपाले आहे, मिसबाई,” त्या म्हणाल्या. “सामान भितीवर चढवा.”

तेव्हापासून त्यांनी मला मिसबाईच म्हटले. थट्टा होती, पण तिच्यात काटा नव्हता.

त्या कुठल्याही घरात शिरल्या की आधी भिंत पाहत. यजमान ‘या, बसा’ म्हणेपर्यंत यांच्या बोटांचे पेर भिंतीवर टकटक वाजत असे आणि कान विटांना लागलेला असे. लग्नघरी, बारशाला, एकदा तर दुखवट्याला भेटायला गेल्या त्या घरीसुद्धा. तिथून परतताना मला म्हणाल्या, “माणूस चांगला होता हो. पण भित पोकळ आहे त्याईची.” जाड अंगाच्या, ठेंगण्या, आवाज असा की प्रार्थनेच्या वेळी मुलींचा सूर त्यांच्या सुरामागे फरफटत जाई. फळ्यावर गणित मांडताना हमखास चुकत. एखादी मुलगी उठून म्हणे, “बाई, हातचा राहिला.” बाई पुसत, नवा आकडा लिहीत आणि म्हणत, “बराबर. बस.” चुकल्याची लाज त्यांना वाटतच नसे. चूक तशीच राहू दिली तर मात्र वाटे.

सामानाशी त्यांचे वैर होते, आणि त्याला कारण होते. त्या लांब खोलीत मुली भिंतीला डोके करून ओळीने झोपत. फळी लागेपर्यंत प्रत्येकीची पत्र्याची पेटी जमिनीवर असे. बाई पेट्यांकडे पाहत आणि त्यांना तिथे मुली दिसत. “ही पेटी पाहा,” त्या मला म्हणाल्या होत्या. “हिच्या जागी मोर्शीची एक पोरगी झोपली असती. आणि ह्या दोघीत एक तळेगावची. आमी पेट्या शिकवून राहिलो का पोरी?”

कपाटे त्यांना नको होती. कपाट जमिनीवर उभे राहते, म्हणजे जागा खातेच, आणि शिवाय त्याच्या पायांतून वाळवी चढते. साधी फळी नको, कारण तिच्या टेकूंवर पहाटे उठणाऱ्या मुलींची डोकी आपटत. म्हणून भिंतीतून बाहेर आलेली, खाली काहीही नसलेली फळी.

महादेव सुताराला हे पहिल्यांदा सांगितले तेव्हाची गोष्ट तोच मला हसत हसत सांगे. तो म्हणाला होता, “बाई, फळी हवेत बसते का कुठं? तिले पाय पायजेत.”

“तुह्या नाकाले पाय आहेत का?”

“नाई.”

“मंग कसं बसलं चेहऱ्यावर? तशी बसव.”

ती युक्ती बाईंनी शेतावरून आणली होती. तिवशाकडे त्यांच्या भावाची काळी जमीन होती. लहानपणी त्यांनी तिथे कुदळीला दांडा बसवताना, बंडीची, म्हणजे बैलगाडीची, दुरुस्ती होताना पाहिलेली. खिळा न मारता नुसत्या पाचरीवर लाकूड कसे धरून राहते, हे त्यांना तेव्हापासून ठाऊक होते. फळीसाठीचे लाकूडही तिथूनच येई, मोडक्या बंडीची बाभूळ. नवे लाकूड त्यांना चालत नसे. म्हणत, “त्यानं अजून ऊन कुठं पाह्यलं आहे.”

बाभळीचा दांडा घ्यायचा. त्याचा निम्मा भाग भिंतीत जाणार, निम्मा बाहेर राहणार. आत जाणाऱ्या टोकाला करवतीने फट पाडायची आणि तिच्यात पाचरीचे नुसते टोक अडकवायचे. भिंतीतल्या भोकाच्या तळाशी दगडाची चीप बसवायची. दांडा ठोकत आत नेला की पाचर त्या दगडाला अडते, फटीत शिरते, आणि दांड्याचे टोक भिंतीच्या पोटात फाकते. तोंड अरुंद असल्यामुळे मग तो मागे येऊ शकत नाही. भोवती चुना आणि विटांचे तुकडे ठासायचे. असे दांडे एका ओळीत बसवून, त्यांच्यावर फळकूट टाकून, वर पाण्याची परात ठेवायची. पाणी एका काठाला झुकले नाही तर ओळ सरळ. शेवटी वरून सागवानी फळी, खालून पातळ फळी, पुढे एक पट्टी. दांडे दिसेनासे होत. फळी भिंतीतून उगवल्यासारखी वाटे.

एकदा एक इंग्रज बाई शाळा पाहायला आली. बोर्डिंगात शिरल्यावर ती वाकून फळीखाली टेकू शोधू लागली. नाही सापडला, तेव्हा तिने मला विचारले, हे कशावर उभे आहे? मी बाईंना मराठीत विचारले.

“सांगा तिले, आतून धरलेलं आहे. भायेरून दिसाले पायजे असं काही नाई.”

मी सांगितले. पाहुणीला पटले नाही. तिने छत्रीच्या टोकाने फळीखालची भिंत टोचून पाहिली.

“छत्रीनं काहून टोचून राहिली थे?” बाई हसऱ्या चेहऱ्याने म्हणाल्या. “भित काय म्हैस आहे का उठवाले?”

मी इंग्रजीत सांगितले, की आपण एवढे बारकाईने पाहता याचा मुख्याध्यापिकांना फार आनंद होतो. बाईंना इंग्रजी येत नव्हते, पण माझ्या वाक्याची लांबी त्यांनी बरोबर ओळखली. रात्री जेवताना माझ्या ताटात चटणी वाढून म्हणाल्या, “मिसबाई, तुमी बोलत नाई, पण खोटं चांगलं बोलता.”

घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलीला त्या कधी जवळ घेत नसत. तिच्या हातात ओळंब्याची दोरी देत. “धर. हालू देऊ नोको. हालली त फळी वाकडी होईन.” दोरी न हलवता रडणे अवघड असते. मुली नाक ओढत, पण दोरी धरून ठेवत.

शेवंता अशी कधी रडली नाही. ती आली श्रावणात, शाळा केव्हाच सुरू झाल्यावर. तिचे वडील किसनराव चांदूर बाजारकडचे माळी. वांगी, मिरच्या, पालेभाज्या पिकवून बंडीने बाजारात आणत. शेवंताला आई नव्हती. गावातली चौथी संपली होती आणि पोरगी पुढे शिकायचे म्हणून हटून बसली होती. ती वर्गात एक अक्षर बोलत नसे, पण मी धडा वाचला की तिचे ओठ हलत. माझे लक्ष त्या ओठांकडे फार जाई.

खोलीत जागा नव्हती. दाराजवळच्या कोपऱ्यात पेट्या एकमेकींवर रचलेल्या होत्या, त्या दाखवून बाईंनी म्हटले, “हे वर गेलं का पोरगी खाली.” आणि महादेवला बोलावले.

महादेव भिंतीला हात लावून म्हणाला, “बाई, भित ओली आहे. लाकूडही दमट आहे. दिवाळी होऊ द्या.”

“दिवाळीलोक पोरगी उभी झोपन का?”

फळी बसली. शेवंता तिच्याखाली झोपू लागली. दिवाळी गेली, संक्रांत गेली. चैत्रात एक दिवस भर शाळेच्या वेळात मागच्या घरातून असा आवाज आला, की मुली बाकांवरून उठल्या. आम्ही धावत गेलो. कोपऱ्यातली फळी खाली आली होती. एका पेटीचा कोपरा शेवंताच्या वळकटीत, उशीच्या जागी, आरपार शिरला होता. गोधडीतल्या चिंध्या बाहेर आल्या होत्या.

 बाईंनी भिंतीतल्या भोकात बोट घालून ते फिरवले. पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज हळू ऐकला.

“सुकली. भितही सुकली आन दांडाही सुकला. दोघं एकमेकाईले सोडून गेले.”

बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी किसनराव बंडी घेऊन थेट बोर्डिंगच्या दारात आले. आत येऊन त्यांनी ती गोधडी उचलून पाहिली.

“बाई, मले पोरगी जिती पायजे.”

“तुमचं बराबर आहे,” बाई म्हणाल्या. “न्या तिले.”

मला वाटले होते त्या भांडतील. किसनरावांनाही तसेच वाटले असावे, कारण ते जरा गोंधळले. मग म्हणाले, “माही बहीन मागं लागली आहे. वलगावचं स्थळ आहे. आतालोक मी म्हनत होतो, शिकून राहिली पोरगी. आता काय सांगू तिले?”

“काही सांगू नोका. फक्त हो म्हनू नोका. पाऊस लागून चांगला मुरला का या. एकटे या. फळी पाहा. मंग जे ठरवान थे ठरवा.”

“पाह्यतो,” किसनराव म्हणाले. त्या ‘पाह्यतो’त काही भरवसा नव्हता. उन्हाळा म्हणजे लग्नांचे दिवस. शेवंता गाठोडे घेऊन बंडीत चढली. तिने आमच्याकडे पाहिले नाही. मला तिचे ओठ दिसले. ते मिटलेले होते.

सुटी लागली. मुली आपापल्या गावी गेल्या. मी अकोल्याला जाणार होते, पण आईला कळवले की यंदा येत नाही. कारण विचारले असते तर मला सांगता आले नसते. बाईंनी विचारले नाही. सकाळी माझ्या हातात परात दिली.

त्यांनी खोलीतली एकूण एक फळी काढायला लावली, न पडलेल्यासुद्धा. वैशाखात वऱ्हाडातल्या भिंती हात भाजतील अशा तापतात, आणि बाईंना तेच हवे होते. “आता भितीत थेंब नाई,” त्या म्हणत. बाभळीचे दांडे त्यांनी कौलांवर वाळत टाकले, सांडग्यांसारखे, आणि दिवसातून कितीदा तरी शिडीवर चढून उलटेपालटे केले. डोक्यावर ओले फडके. महादेव म्हणाला, “बाई, लाकूड वाळलं. आता तुमी वाळून राहिल्या.”

“मी वाळली त बरंच आहे. जागा होईन.”

त्यांचे म्हणणे साधे होते. जितके सुकायचे तितके आताच सुकून घेऊ दे. पावसाळ्यात लाकूड फुगेल, आणि भोकात जागा नसेल, म्हणजे ते भिंतीला आणखीच आवळून धरेल. पुढच्या चैत्रात सुकले तरी आजच्याहून जास्त सुकणार नाही. हे श्रावणात ठाऊक नव्हते असे नाही. श्रावणात दारात पोरगी उभी होती.

संध्याकाळी ऊन उतरले की त्या बाजारात जात आणि ओळखीचे जे पालक भेटत त्यांना स्वतः होऊन सांगत, की बोर्डिंगातली फळी पडली. मी एकदा धीर करून विचारले, “बाई, तुम्ही कशाला सांगता?”

“मी नाई सांगितलं त दुसरं कोनी सांगन. त्याईले काय म्हाइत काहून पडली.”

पाऊस लागला. शाळा उघडली. मुली आल्या, काही नाही आल्या. बाई रोज सकाळी प्रत्येक फळीला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहत. दाराजवळच्या कोपऱ्यातली, शेवंताची जागा रिकामी होती. एक गृहस्थ आपली मुलगी घेऊन आले, ती जागा पाहून म्हणाले, “हिले अठीच राहू द्या.” बाई म्हणाल्या, “थे भरलेलं आहे.” गृहस्थांनी रिकाम्या जमिनीकडे पाहिले, बाईंकडे पाहिले. बाईंनी त्यांच्या मुलीची सोय खिडकीखाली केली. वलगावचे काय झाले हे आम्हाला कोणी सांगत नव्हते, आणि बाई विचारीत नव्हत्या.

किसनराव आले ते आषाढ संपता संपता, एका दुपारी. एकटेच. रात्रभर चिखलातून बंडी हाकली होती, डोळे लाल झाले होते. त्यांनी फळीवर हात ठेवून दाबले, वरच्या पेट्या पाहिल्या आणि म्हणाले, “तवाही अशीच दिसत होती.”

“खरं आहे,” बाई म्हणाल्या. “पाहून कळत नाई.” त्यांनी मुलींकडून पेट्या खाली काढवल्या. स्टूल मागवले. पदर खोचला आणि त्या स्टुलावर चढून सरळ फळीवर बसल्या. पाय खाली लोंबत होते.  मुलींनी तोंडावर हात ठेवले.

“आता तुमी अठी झोपा,” त्या किसनरावांना म्हणाल्या. “जिथं पोरगी झोपते तिथं. डोस्कं भितीकडं.”

“बाई, असं कसं...”

“पोरीले झोपवता आन तुमी नाई झोपत?”

किसनरावांनी पागोटे काढले, उशाला घेतले, स्टूल पायाने पलीकडे सारले आणि ते आडवे झाले. डोळे टक्क उघडे, वरच्या लाकडाकडे. आम्ही सगळ्या दारात. पाऊस बारीक चालू होता. फळी हलली नाही, कुरकुरली नाही. थोड्या वेळाने मला कसला तरी आवाज आला. मी घाबरून वर पाहिले. आवाज खालून येत होता. किसनराव घोरत होते.

बाईंनी बोट ओठांवर ठेवले. मी खुणेने विचारले, स्टूल आणू? त्यांनी नकारार्थी मान हलवली. मुलींना हाताने दामटून वर्गात पाठवले. शाळा सुटली तेव्हा त्या तिथेच होत्या. मी पितळी पेल्यातून चहा वर दिला. तो त्यांनी फुर्रर्र न करता प्यायला, हे मी त्यांच्याकडून तेवढे एकदाच पाहिले.

दिवेलागणीला किसनराव जागे झाले. आधी त्यांना बाईंचे पाय दिसले.

“बाई! तुमी अजून वरच?”

“कशी उतरू? स्टूल तुमी लोटलं. उडी मारली असती त तुमच्या छातीवर.”

किसनराव उठून बसले. बराच वेळ भिंतीवर हात फिरवीत राहिले. “मले झोप लागली,” ते म्हणाले, स्वतःशीच बोलल्यासारखे. “वर एवढं वजन, आन मले झोप लागली.”

“वजनाचं काढू नोका.”

ते हसले. मग बाईंनी विचारले, आणि आवाज मुद्दाम साधा ठेवला, “वलगावचं?”

“हो म्हटलं नाई मी. तुमीच म्हनलं होतं ना.” पागोटे गुंडाळत ते म्हणाले, “बहिनीले सांगतो, पोरगी शिकून राहिली.”

बाईंना खाली उतरवायला आम्ही चौघी लागलो. पाय बधिर झाले होते. आठवडाभर त्या लंगडत होत्या आणि कोणी विचारले तर चिखलात घसरले म्हणून सांगत.

त्याच सुमारास मला अकोल्याच्या शाळेत जागा मिळाली. मी निघाले त्या सकाळी टांगा दारात उभा होता, तेवढ्यात किसनरावांची बंडी आली. शेवंता उतरली. तिच्यामागे तिच्याच गावच्या आणखी दोन मुली उतरल्या, गाठोडी छातीशी धरून. किसनराव जरा ओशाळून म्हणाले, “याईच्या बापाईले सांगितलं मी, निजून पाह्यलं म्हनून.”

बाईंनी लांब खोलीत डोकावून पाहिले. तिथे शेवंतापुरतीच जागा होती, आणि माझी माडी नव्या मास्तरणीला दिलेली होती. त्या आपल्या कोठडीत गेल्या, शेवंताही त्यांच्यामागे आत शिरली, आणि आतून खाट ओढल्याचा आवाज आला.

“बाई, तुमी कुठं निजान?” किसनराव धावत म्हणाले.

“ओसरी कोनाची आहे? धरा तिकडून.”

मी टांग्यात बसले, टांगेवाल्याने घोडा हाकला. मी मागे वळून पाहत होते. खाटेचे दोन पाय ओसरीवर आले होते, दोन आत अडकले होते. एका टोकाला किसनराव “आडवी करा” म्हणत होते, दुसऱ्या टोकाला बाई “उभी करा” म्हणत होत्या, आणि खाट जागची हलत नव्हती. तेवढ्यात कोठडीतून शेवंताचा आवाज आला. इतका मोठा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.

“बाई, तिरपी करा!”

आणि बाईंनी खाट तिरपी केली.